चंदेरी रंग डागाळतो कशामुळे?

महिनाभर खपून जोडलेली, लांबी भरून घासूनपुसून तयार केलेली प्लॅस्टिकची छोटी मोटार रंगवायला घ्यावी आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिच्या बॉनेटवर ढगाळ डाग व गडद-फिके पट्टे उमटावेत, हा अनुभव वाहनांच्या लघुप्रतिकृती बनविणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला एकदा तरी येतो. साधा तांबडा किंवा पांढरा रंग त्याच हाताने, त्याच एअरब्रशने उत्तम बसलेला असतो. चंदेरी रंगालाच काय होते, हे कळत नाही. मग खापर फुटते ते स्वस्तातल्या एअरब्रशवर. काही हजार रुपयांना घेतलेला संच अडगळीत पडतो आणि महागडा घेण्यासाठी पैसे साठू लागतात. वस्तुतः दोष बहुधा हत्याराचा नसतो. मेटॅलिक रंग हा मुळातच इतर रंगांहून निराळ्या रीतीने काम करतो आणि ती रीत समजली, तर साध्या एअरब्रशनेही तो नितळ बसविता येतो.

साध्या रंगातील रंगद्रव्याची भुकटी कोणत्याही बाजूने पाहिली तरी सारखीच दिसते. मेटॅलिक रंगात मात्र ॲल्युमिनियमचे चपटे, पत्र्याच्या तुकड्यांसारखे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला आरसाच. हे आरसे पृष्ठभागाला समांतर निजले, तर प्रकाश एका दिशेने परततो व रंग उजळ दिसतो. ते वाकडेतिकडे अडकले, तर प्रकाश विखुरतो आणि तोच रंग काळवंडलेला, भरड वाटतो. थर फार ओला पडला, की कण त्या द्रवात पोहू लागतात, एकमेकांजवळ गोळा होतात आणि ढगाळ डाग तयार होतात. उलट, थेंब हवेतच अर्धवट सुकले, तर कण जसे येतील तसे चिकटतात व पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. थेंब चिकटून पसरण्याइतका ओला असावा, पण कणांना हालचाल करण्यास सवड न मिळेल इतक्या त्वरेने सुकावा, एवढाच सारा खटाटोप आहे.

उदाहरणादाखल मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल ही पंखांसारखे वर उघडणाऱ्या दारांची मोटार घेऊ. १९५४ ते १९५७ या काळात बनलेल्या या मोटारीच्या १४०० गाड्या तयार झाल्या आणि चंदेरी करडा हा तिचा जणू ओळखीचाच रंग ठरला. खरी गाडी सुमारे साडेचार मीटर लांब. १:२४ या प्रमाणातील प्रतिकृती १९ सेंटिमीटरच्याही आतली. येथे प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. गॅरेजमध्ये मिळणाऱ्या ड्यूको रंगातील ॲल्युमिनियमचा कण २० मायक्रॉनचा धरला, तर १:२४ च्या हिशेबाने तो खऱ्या गाडीवर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा होतो. अशी गाडी चंदेरी नव्हे, तर लग्नाच्या पत्रिकेवरील चमकीसारखी दिसते. म्हणूनच प्रतिकृतींसाठी मुद्दाम बारीक कणांचे रंग तयार केले जातात आणि काटकसर करायचीच असेल, तर ती या बाबतीत करू नये. थराच्या जाडीचेही तेच. प्रायमर, रंग व वार्निश मिळून १०० मायक्रॉनचा थर झाला, तर तो खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर जाडीचा लेप ठरतो. दारांभोवतीच्या बारीक फटी त्यात बुजून जातात.

आता स्वस्त एअरब्रशकडे वळू. यातील बहुतेकांचे नोझल ०.३ मिलिमीटरचे असते आणि मेटॅलिक रंगासाठी ते सोयीचेच आहे, ०.२ च्या नोझलमध्ये कण अडकण्याचा संभव अधिक. खटका खाली दाबला की हवा व मागे ओढला की रंग, अशा दुहेरी क्रियेचा एअरब्रश असेल तर उत्तम. पण या हत्यारांची दुखणी ठरलेली आहेत. सुईचे टोक जरा वाकले, की फवारा एका अंगाला जातो. नोझल स्क्रूने बसणारे व नखाएवढे असते. पान्याने थोडे अधिक आवळले, की ते चिरते आणि रंगाच्या वाटीत बुडबुडे येऊ लागतात. आतील रबरी वायसर थिनरने फुगतात, म्हणून शक्य असेल तेथे टेफ्लॉनचे बसवून घ्यावेत. नवा एअरब्रश आणला, की प्रथम सुटा करून थिनरने धुणे व सुईचे टोक भिंगातून पाहणे ही दहा मिनिटांची कामे पुढची पुष्कळ निराशा वाचवितात.

खरी अडचण असते ती कॉम्प्रेसरची. टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर धडधडत हवा सोडतो आणि ती धडधड चंदेरी रंगात पट्ट्यांच्या रूपाने दिसू शकते. लांब नळी वापरल्यास हे हेलकावे काहीसे जिरतात. दुसरा शत्रू पाणी. दाबलेली हवा तापते, नळीत थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात. पाण्याचा एक थेंब बॉनेटवर पडला, की त्या भागाचे काम पुन्हा आले. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पाणी अडविणारा फिल्टर नसेल, तर चंदेरी रंगाला हातच लावू नये, हे बरे. याच दिवसांत लॅकर रंगावर पांढुरकी साय चढते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो व हवेतील ओल त्यावर बसते, हे त्याचे कारण. त्यावर सावकाश उडणारे थिनर, म्हणजे रिटार्डर, घालण्याचा उपाय सांगितला जातो. तो खराच, परंतु थर जितका सावकाश सुकेल तितकी कणांना पोहण्यास अधिक सवड मिळते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. थोडा रिटार्डर आणि अधिक विरळ थर, असा मध्यममार्ग काढावा लागतो. एखादा कोरडा दिवस उजाडण्याची वाट पाहणे याहूनही चांगले, पण हौशी माणसाला तेवढा धीर क्वचितच असतो.

पृष्ठभागाच्या तयारीबाबत थोडक्यात सांगता येईल. साबणाच्या पाण्याने धुतलेल्या बॉडीवर करडा प्रायमर मारून तो २००० नंबरच्या वॉटरपेपरने ओला घासावा. साध्या रंगाखाली दडणारा ओरखडा चंदेरी रंगाखाली उठून दिसतो. चकचकीत काळा अस्तर हवाच, असे अनेकजण मानतात. आरशासारख्या क्रोमसाठी तो हवा हे खरे, पण ३०० एसएलच्या करड्या चंदेरीला त्याची गरज नाही.

रंग पाणी घातलेल्या दुधाइतका पातळ करावा. लॅकर रंगात साधारण एकास दीड ते दोन भाग थिनर. कण जड असल्याने ते वाटीच्या तळाशी बसतात, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी वाटी ढवळली पाहिजे. एरवी पहिल्या व शेवटच्या फवाऱ्याच्या छटेत फरक पडतो. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, अंतर आठ ते दहा सेंटिमीटर, ही आकडेवारी सुरुवातीसाठी ठीक आहे; प्रत्यक्ष जुळणी प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर करावी. चमच्याची गोलाई गाडीच्या टपासारखीच असते आणि चमचा फुकट गेल्याचे दुःख होत नाही.

रंगाचा पहिला हात कडा, कोपरे व चाकांवरील भुवयांसारख्या उंचवट्यांवर अगदी विरळ द्यावा. या जागी रंग नंतर साचतो व गडद कडा दिसू लागतात. मग सबंध बॉडीवर, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवीत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढेल असा हात फिरवावा. मध्येच थांबलेला हात म्हणजे डाग ठरलेला. दोन हातांमध्ये दहा मिनिटे जाऊ द्यावीत. शेवटचा हात दाब थोडा कमी करून, जरा दुरून व आडव्या दिशेने दिला, की आधीचे सूक्ष्म पट्टे मिटतात. दारे व बॉनेट सुटी असतील, तर ती टेबलावर आडवी ठेवून रंगविण्याची चूक फार जण करतात. कण निजण्याची दिशा बदलते व तयार गाडीत दार निराळ्याच छटेचे दिसते. ती आतून टेपने बॉडीवर बसवूनच, एकाच वाटीतल्या रंगाने रंगवावीत. चंदेरी थरावर धुळीचा कण बसला, तरी तो घासू नये. घासताना कण कापले जाऊन काळा डाग पडतो. तेथे पुन्हा विरळ हात देणे हाच उपाय.

वार्निशचाही पहिला हात विरळच हवा, कारण ओले लॅकर खालचा थर विरघळवून कण हलविते. दोन भाग मिसळून वापरण्याचे युरेथेन वार्निश काचेसारखे चमकते. त्याच्या हार्डनरमध्ये मात्र आयसोसायनेट असतात. त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो आणि नाकावरचा कापडी किंवा धुळीचा मास्क तेथे काहीच कामाचा नाही. कारखान्यात त्यासाठी बाहेरून हवा पुरविणारे मुखवटे वापरतात. घरातल्या खोलीत, तेही लहान मुले वावरत असताना, हे वार्निश मारू नये. साध्या लॅकरसाठीदेखील सेंद्रिय वाफा शोषणारा काडतुसाचा मास्क व उघडी खिडकी आवश्यक आहे. थिनरची वाफ पेट घेते. शेजारच्या देवघरात समई तेवत असेल किंवा स्वयंपाकघरात गॅस चालू असेल, तर काम थांबवावे.

काम संपल्यावर एअरब्रश लगेच सुटा करून धुवावा लागतो. नोझलमागे राहिलेले ॲल्युमिनियमचे कण नुसता थिनर फवारून निघत नाहीत. ते सुईला चिकटून बसतात आणि पुढची गाडी तांबडी असेल, तर तिच्या टपावर चंदेरी ठिपक्यांच्या रूपाने बाहेर पडतात.