पालीच्या सडकेवरून पाहताना

बीड शहराच्या दक्षिणेस, बिंदुसरेच्या जलाशयालगत वसलेल्या पालीजवळून सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग जातो. परंतु दारावरून सडक गेली म्हणजे दळणवळण सर्वांस लाभलेच, असे होत नाही. ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही, त्याचा आधार एस.टी.च. निजामाच्या अमदानीत १९३२ साली सुरू झालेल्या सरकारी मोटारसेवेचा मराठवाड्यातील वारसा १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळात विलीन झाला.

वाहतुकीच्या शासकीय धोरणाची कसोटी तीन प्रश्नांवर लागते. पहिला न्यायाचा : १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस २०२२ पासून प्रवास मोफत आहे. भाजीची पाटी पायाशी ठेवून बसलेली बाई अर्धे तिकीट कनवटीला लावते, तेव्हा वाचलेले पैसे घरच्या मीठमिरचीला येतात. दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा : सडक कितीही रुंद असली, तरी ओढ्यावरची मोरी पुराचे पाणी वाहून नेण्याजोगी नसेल, तर एका रात्रीच्या पावसाने गावाचा दवाखाना, शाळा आणि बाजार एकदमच तुटतात. तिसरा निर्मळतेचा : राज्याने २०२१ मध्ये विद्युत वाहनांचे धोरण जाहीर केले, आणि राज्यानेच निम्मा खर्च उचललेल्या २६१ किलोमीटरांच्या अहिल्यानगर–बीड–परळी लोहमार्गावर १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत गाडी आली.

एस.टी.ची सवलत मात्र गाडी वेळेवर आली तरच खरी. म्हणून फेऱ्यांची नियमितता हाच या धोरणाचा प्राण होय.