शिक्षकांचे ग्रुप : किती शिकवतात, किती नुसते वाजतात

महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या फोनमध्ये आज किमान चार-पाच शालेय ग्रुप असतात : शाळेचा, केंद्राचा, तालुक्याचा, विषयाचा, संघटनेचा. त्यात दिवसभर लिंक, परिपत्रके आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येत राहतात. त्यामुळे काही शिक्षक या सगळ्याला कंटाळले आहेत, तर काहींना वाटते की आपण ग्रुपमध्ये आहोत म्हणजे आपले शिकणे चालूच आहे. यातला दुसरा समज मला जास्त नुकसानकारक वाटतो, म्हणून सुरुवात तिथून.

गैरसमज : ग्रुपवर सगळे तयार मिळते, हाच त्याचा फायदा.

तयार मिळते हे खरे. पाठ टाचण, घटक चाचण्या, वार्षिक नियोजन आणि वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ टेलिग्रामवर हव्या तेवढ्या आहेत. कामाच्या रगाड्यात त्या उतरवून घेणाऱ्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. पण २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा वर्णनात्मक नोंदीमागचा हेतू एकच होता : या मुलाला काय येते आणि ते कुठे अडते, हे त्याच्या शिक्षकाने पाहून लिहावे. ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’ हे वाक्य शंभर शाळांतल्या शंभर मुलांपुढे जसेच्या तसे उतरले, तर त्यातल्या एकाही मुलाबद्दल काही कळत नाही.

ग्रुपचा खरा उपयोग प्रश्न विचारण्यात आहे, आणि तो प्रश्न नेमका हवा. ‘वजाबाकीसाठी काही उपक्रम सुचवा’ असे लिहिले तर वीस व्हिडिओ येतील आणि कामाचा क्वचितच एखादा निघेल. त्याऐवजी मुलाचे नाव झाकून वहीच्या पानाचा फोटो टाका आणि लिहा : ‘५२ मधून २७ वजा करताना हा मुलगा ३५ उत्तर काढतो. हातच्याशिवायची उदाहरणे बरोबर सोडवतो. काय करू?’ अनुभवी शिक्षकाला चूक लगेच दिसेल. दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन वजा करते. प्रत्येक स्थानावर ते मोठ्या अंकातून लहान अंक काढत आहे. मग कोणी सांगेल, त्याच्या हातात काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि २७ काड्या मागा. एक गठ्ठा सोडल्याशिवाय त्याला त्या देताच येणार नाहीत. हे करून पाहिल्यावर काय झाले ते आठवड्याने त्याच ग्रुपवर लिहायचे, जमले नाही तरी लिहायचे. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि शिकण्याचा मोठा भाग तिच्यातच असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते, आणि तोही शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार. दीक्षावरचे कोर्स आणि प्रमाणपत्रे आपल्या जागी आहेतच. पण वर लिहिले तसे दोन प्रश्न महिन्याला नेटाने सोडवणारा शिक्षक त्या अपेक्षेच्या गाभ्याजवळ असतो, त्याचे तास कुठे नोंदले जावोत वा न जावोत.

गैरसमज : हे तंत्रस्नेही, शहरी शिक्षकांचे काम आहे.

२०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचे त्यांचे काम आता सर्वांना माहीत आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची जोडून घेण्याची सवय. त्यांनी व्हिडिओ कॉलवरून आपल्या मुलांची इतर देशांतल्या वर्गांशी गाठ घालून दिली. पुरस्काराची अर्धी रक्कमही त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून दिली. असे जोडून घ्यायला यंत्रातली मोठी हुशारी लागत नाही. अनोळखी शिक्षकाला ‘तुमच्याकडे हे कसे करता?’ असे विचारण्याचा संकोच मात्र सोडावा लागतो.

ग्रुप जितका मोठा तितका चांगला, हाही एक समज. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य घेता येतात, टेलिग्रामवर दोन लाखांपर्यंत. साहित्य वाटायला एवढा पसारा चालतो. पण ‘मला हे जमत नाही’ असे हजार लोकांसमोर कोणी लिहीत नाही. एकाच इयत्तेला शिकवणारे दहा-बारा जण असले की लिहिले जाते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आपला नंबर साधारणपणे सर्वांना दिसतो. अनेक शिक्षिका मोठ्या ग्रुपांत गप्प राहतात, त्यामागे हेही कारण असते.

ग्रुपवर आलेला जीआर खरा असेलच, असे मानू नये. शासन निर्णयावर संकेतांक छापलेला असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला दोन मिनिटे लागतात. पुढे पाठवण्याआधी ती दोन मिनिटे द्यावीत.

गैरसमज : मुलांचे कौतुकच करतो आहोत, मग व्हिडिओ टाकायला काय हरकत?

हरकत आहे. ‘हिला जूनमध्ये अक्षर ओळखता येत नव्हते, आता बघा’ अशा व्हिडिओत शिक्षकाचे कष्ट खरे असतात. पण ती मुलगी मोठी होते आणि व्हिडिओ फिरतच राहतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे, आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद केली आहे. बंद ग्रुपही खाजगी नसतो; एका स्क्रीनशॉटचाच काय तो अवकाश. अध्यापनाची चर्चा करायला चेहरा लागत नाही, वहीचे पान पुरते.

सरकारी नोकराने काही लिहूच नये, अशीही भीती बोलून दाखवली जाते. जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांबद्दल सूचना काढल्या, त्या स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, गोपनीय कागद टाकू नका, स्वतःची वाहवा टाळा, असा त्यांचा रोख आहे. टीकेवरची बंधने कितपत रास्त आहेत यावर वाद होऊ शकतो. पण हातच्याची वजाबाकी कशी शिकवावी, हे विचारायला त्यांत कुठेही मनाई नाही.

राहिला शेवटचा समज : ऑनलाइन सगळे पाहता येते, मग प्रत्यक्ष भेटीची गरज काय?

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे काम आठवावे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग चालवले, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. फोटो आणि व्हिडिओ तर त्यांच्याही आधी सगळीकडे पोहोचले. मग अनेक शाळांत फरशीवर तसेच तक्ते रंगले. पण मूल त्या तक्त्यावर बसून काय करते, शिक्षक केव्हा बोलतात आणि केव्हा मुद्दाम गप्प राहतात, हे फोटोत आले नव्हते. ज्यांनी तिथे बसून वर्ग पाहिला, प्रश्न विचारले, त्यांना ते कळण्याची संधी होती.

केंद्रस्तरावर शिक्षण परिषद होतेच. तिथे जाताना महिनाभरात ग्रुपवर चर्चा झालेला एक प्रश्न आणि त्या मुलाच्या वहीची दोन पाने, एक आधीचे आणि एक नंतरचे, बरोबर न्यावीत. केंद्रप्रमुखांकडे त्यासाठी अर्धा तास आधीच मागून ठेवावा.