ई-वाहनं, अनुदान आणि आपल्या डीपीवरचा भार

"सगळ्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या तर वीज पुरेल का हो?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो, पालकसभेतही येतो. उत्तर देण्याआधी मुलांकडून एक साधं गणित करून घ्या. 1 किलोवॅटचं उपकरण 1 तास चाललं की 1 युनिट. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी साधारण 3 युनिटची असते. म्हणजे ती रोज पूर्ण रिकामी केली (कोण करतं म्हणा!) तरी 2 किलोवॅटचा गीझर दीड तास चालवण्याइतकीच वीज लागते.

मग अडचण कुठे आहे? ती युनिटमध्ये कमी आणि वेळेत जास्त आहे. समजा, एका सोसायटीत 20 इलेक्ट्रिक कार आहेत. सगळे रात्री 8 वाजता घरी येऊन 7 किलोवॅटचा चार्जर लावतात. झाले 140 किलोवॅट! त्याच वेळी लिफ्ट, एसी, पंप चालूच असतात. 200 केव्हीएची डीपी असेल तर ती तापणार, फ्यूज उडणार. आता दुसरी बाजू बघा. रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्या कारला साधारण 6 युनिट लागतात. 20 गाड्यांचे 120 युनिट. हेच चार्जिंग रात्रीच्या 8 तासांत वाटून घेतलं, तर भार फक्त 15 किलोवॅट! गाड्या त्याच, वीजही तेवढीच. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहा, मुलं स्वतःच बोलू लागतात.

सौर वीज मात्र दुपारी मिळते. म्हणून महाराष्ट्राच्या 2025 च्या वीजदर आदेशात सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेला घरगुती ग्राहकांसाठीही सवलत ठेवली, पण स्मार्ट मीटर असेल तरच. आणि दुपारी गाडी असते ऑफिसात! तिथे चार्जर नसेल तर त्या सवलतीचा गाडीला उपयोग काय?

लोकांचा पाठिंबा कशाला मिळतो, हेही बघण्यासारखं आहे. जून 2023 मध्ये केंद्राने ई-दुचाकींचं अनुदान कमी केलं आणि त्या महिन्यात विक्री मे महिन्याच्या निम्म्याखाली गेली. अटल सेतूवरची टोलमाफी सगळ्यांना आवडली. स्मार्ट मीटरला मात्र 2024 मध्ये इतका विरोध झाला, की सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. मला ही भीती अगदीच अनाठायी वाटत नाही. बिल वाढेल का, याचं सरळ उत्तर लोकांना मिळायला हवं होतं. पण कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंदच नसेल, तर वेळेनुसार सवलत देणार कशी?

घरचा अभ्यास म्हणून मुलांना विजेच्या बिलावरचा 'मंजूर भार' शोधायला सांगा. तो 5 किलोवॅट असेल, तर 7 किलोवॅटचा चार्जर लावण्याआधी भार वाढवून घ्यावा लागेल. 3.3 किलोवॅटचा चालेल, पण गीझर बंद ठेवून.