आधी स्वतःची चूक, मग शिकवण

स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट सांगून दुसऱ्याला शहाणं करू पाहणाऱ्या लेखकाबद्दल वाचक जरा सावध असतो, आणि ते रास्तच आहे. मोठेपणा मिरवायला अनुभवासारखी सोयीची जागा दुसरी नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा हा धोका त्यांच्याही समोर होता. त्यातून ते सुटले, कारण त्यांचा श्याम शिकवायला बसला तरी गोष्टीत तो शिकणाराच राहतो. आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री तो स्वतःची फजिती सांगतो. पोहायला भिऊन लपून बसलेला, त्यापायी आईचा मार खाल्लेला मुलगा तोच. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला ओचे पसरायला लावणारा हट्टी मुलगाही तोच. पायांइतकंच मनही स्वच्छ ठेव, ही आईची शिकवण नुसती सांगितली असती तर ती पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी वाटली असती. ओल्या पायांचा तो हट्ट आधी डोळ्यांसमोर येतो, म्हणून ती मनात उतरते.

यावर आक्षेप असा की स्मरण निवडक असतं, लेखक हवं तेवढंच आठवतो. खरं आहे. पण चांगला कथनकार ही निवड लपवत नाही. साने गुरुजी, म्हणजे पांडुरंग साने, नायकाला ‘श्याम’ हे वेगळं नाव देतात. १९७८ च्या ‘बलुतं’ या आत्मकथनात दया पवार स्वतःचे दोन भाग करतात: दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. या अंतरामुळेच दगडूच्या वाट्याला आलेल्या अपमानाइतकाच त्याचा स्वतःचा दुबळेपणाही पानावर येतो. इथे बोध वेगळा काढून दिलेला नाही, तरी गावगाड्याचं क्रौर्य ज्याला कधी भोगावं लागलं नाही, अशा वाचकालाही ते टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘श्यामची आई’ने सोसणाऱ्या आईचं इतकं गौरवगान केलं की तिला सोसायला लावणाऱ्या घराकडे कुणी बोट दाखवलं नाही, असं आज अनेक वाचक म्हणतात. मला ते पटतं. मात्र हे म्हणायला लागणारा पुरावाही त्याच पुस्तकात आहे: कर्ज, सावकाराचा तगादा, आजारात झिजत जाणारी श्यामची आई यशोदा. लेखकाने त्यातून त्यागाचा अर्थ काढला, पुढच्या पिढीला अन्याय दिसला. केवळ उपदेश असता, तर दुसऱ्या अर्थाला तिथे जागाच उरली नसती.