कपाटामागचें बटण

१९७३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांतील एका शुक्रवारच्या रात्रीची ही गोष्ट आहे. अरब राष्ट्रांनीं तेल रोखून धरलें होतें आणि अमेरिकेंत पेट्रोलच्या पंपांपुढें मोटारींच्या रांगा लागत होत्या. बर्कले येथील प्रयोगशाळेंत काम करणारे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आर्थर रोझेनफेल्ड घरीं जावयास निघाले, तेव्हां उद्यां आपल्यालाही त्या रांगेंत उभें राहावें लागणार हा विचार त्यांच्या मनांत घोळत होता. जातां जातां त्यांच्या ध्यानीं आलें कीं, मजल्यावरील खोल्यांतले दिवे शनिवार-रविवार असेच जळत राहणार आहेत. हे गृहस्थ एन्रिको फर्मीचे शिष्य. हिशेब केल्यावांचून त्यांचें पाऊल पुढें पडणें शक्यच नव्हतें. एका खोलींतील दिवे दोन दिवस जळले तर सुमारें पांच गॅलन पेट्रोलाइतकें इंधन खर्चीं पडतें, असें उत्तर आलें. तेव्हां आपली खोली आणि मोटारी ठेवण्याची जागा यांच्यामध्यें ज्या वीस खोल्या होत्या, त्यांतील दिवे मालवूनच जावें असें त्यांनीं ठरविलें. काम पोरखेळासारखें वाटलें. परंतु बटणेंच सांपडेनात! कोणतें कागदपत्रांच्या कपाटामागें, कोणतें पुस्तकांच्या फडताळाआड, तर कोणतें भिंतीवर डकविलेल्या चित्राखालीं. हीं बटणें हुडकून काढण्यांत वीस मिनिटें गेलीं आणि शंभर गॅलन वांचले. रोझेनफेल्ड यांनीं पुढें पदार्थविज्ञानांतील आपलें संशोधन बाजूस ठेवलें आणि २०१७ सालीं ते वारले तोंपर्यंत बहुतेक सारें आयुष्य विजेच्या काटकसरीच्या शास्त्राला वाहिलें.

मला या हकीकतींतील शंभर गॅलनांपेक्षां तें कपाट अधिक महत्त्वाचें वाटतें. तेंच काम कमी विजेंत करणें आणि वीज जेथें लागते तेथेंच थोडीथोडी निर्माण करणें, या दोन गोष्टी फायद्याच्या आहेत हें आतां शाळेंतलें पोरही सांगेल. मग त्या आपोआप कां घडत नाहींत? लोक अडाणी आहेत, आळशी आहेत, असें उत्तर व्याख्यानांतून नेहमीं ऐकूं येतें. तें मला पटत नाहीं. आपल्या गृहिणी भाजीच्या जुडीमागें दोन रुपये सोडीत नाहींत. त्या विजेच्या बिलांतले दोनशें रुपये आळसानें सोडतील काय? खरी गोष्ट अशी आहे कीं, बटण कपाटामागें दडलेलें असतें आणि तें कपाट बहुधा दुसऱ्याच कोणाच्या मालकीचें असतें. खर्च करावयाचा एकानें आणि फायदा व्हावयाचा दुसऱ्याला, अशी जेथें जेथें वाटणी झालेली आहे, तेथें तेथें उत्तम यंत्रही दुकानांत पडून राहतें.

दिव्याचेंच पाहा. साठ वॅटचा तारेचा जुना दिवा जेवढा उजेड देतो, तेवढा सुमारें नऊ वॅटचा एल. ई. डी. दिवा देतो. हें २०१४ सालींही ठाऊक होतें. परंतु सरकारी खरेदींतसुद्धां त्या वेळीं असा एक दिवा ३१० रुपयांना पडे. जुना दिवा दहा-पंधरा रुपयांना मिळत असतां हातावर पोट असलेला माणूस तीनशें रुपये कोठून काढणार? आणि लोक घेत नाहींत म्हणून कारखानदार दिवे थोडे करीत, व थोडे करीत म्हणून ते महाग पडत. ही कोंडी कोणत्याही नव्या शोधानें फुटली नाहीं. ती फोडली घाऊक खरेदीच्या युक्तीनें. सरकारी वीजकंपन्यांनीं मिळून २००९ सालीं स्थापन केलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें लाखो आणि पुढें कोट्यवधि दिव्यांची मागणी एकत्र करून निविदा मागविल्या. ५ जानेवारी २०१५ रोजीं ‘उजाला’ योजना देशभर सुरू झाली आणि २०१६ सालीं खरेदीचा भाव ३८ रुपयांपर्यंत उतरला. यांत सरकारनें दिव्यामागें अनुदान दिलें नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कित्येक ठिकाणीं तर ग्राहकानें आरंभीं दहा रुपये द्यावे आणि बाकीची रक्कम दरमहा दहा रुपयांप्रमाणें विजेच्या बिलांतून फिटावी, अशी सोय होती. वीज वांचल्यामुळें बिलच हप्त्यापेक्षां अधिक उतरे. म्हणजे दिव्यानें आपली किंमत आपणच फेडली. या मार्गानें ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले.

आतां मान वर करून पंख्याकडे पाहूं. छताचा साधा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. ज्याच्या फिरत्या भागांत कायमचे लोहचुंबक बसविलेले असतात असा बी. एल. डी. सी. जातीचा पंखा तेवढाच वारा सुमारें ३० वॅटमध्यें घालतो. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे अडीचशें दिवस पंखा फिरतो असें धरलें, तर वर्षाला १३५ युनिटें वांचतात. युनिटास आठ रुपये धरल्यास ही रक्कम एक हजार ऐंशी रुपये होते. दोन पंख्यांच्या किंमतींतील फरक साधारण एवढाच, फार तर थोडा अधिक असतो. तेव्हां तो वर्षा-दीड वर्षांत भरून निघतो. असा व्याजाचा दर कोणती पेढी देते? तरीही भाड्याच्या बिऱ्हाडांत अडीअडचणीला बसविलेला स्वस्त पंखाच घरघरत असतो. याचें कारण उघड आहे. पंखा घरमालक विकत घेतो आणि बिल भाडेकरू भरतो. भाडेकरूनें स्वतःचा पंखा बसवावा तर अकरा महिन्यांनीं तो उतरवून नेण्याची पाळी. येथें उपदेश कांहीं कामाचा नाहीं. येथें कायदाच लागतो. आणि तो मालकावर नव्हे, तर यंत्रावर लावणें सोपें जातें.

अमेरिकेंत १९७४ च्या सुमारास नवा फ्रिज वर्षाला सरासरी १,८०० युनिटांच्या आसपास वीज घेत असे. प्रथम कॅलिफोर्नियानें आणि मागाहून साऱ्या देशानें त्यावर कमाल मर्यादा घातली व ती टप्प्याटप्प्यानें खालीं आणली. २००१ नंतरचे फ्रिज आकारानें मोठे असूनही ५०० युनिटांच्या आसपास भागवूं लागले. वाईट फ्रिज दुकानांतच नसल्यामुळें घरमालक कितीही कंजूष असला तरी त्याचा इलाज चालला नाहीं. आपल्याकडे २००१ च्या ऊर्जासंवर्धन कायद्यानें ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही संस्था निर्माण झाली. तिच्या ताऱ्यांची चिठ्ठी आपण एअरकंडिशनरवर पाहतों. एअरकंडिशनरला ती २०१० पासून सक्तीची झाली. गरिबाघरच्या पंख्याला मात्र २०२३ सालचा जानेवारी उजाडावा लागला. हा क्रम उलटा असता तर अधिक शोभलें असतें.

आतां गच्चीवर जाऊं. एक किलोवॅटच्या सौरतक्त्यांना सुमारें शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि आपल्या प्रांतांत त्यांपासून वर्षाच्या सरासरीनें रोज चार युनिटें मिळतात. आषाढांत कमी, चैत्रांत अधिक. अडचण अशी कीं, ऊन भर दुपारीं असतें, आणि त्या वेळीं घरांतील माणसें कचेरीला नि मुलें शाळेला गेलेलीं असतात. म्हणून जास्त झालेली वीज तारेंतून बाहेर जमा करावयाची आणि रात्रीं तेवढी परत घ्यावयाची, अशी उलटसुलट मोजणी करणारा मीटर बसवितात. त्याला नेट-मीटर म्हणतात. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानें त्याचे नियम प्रथम २०१५ सालीं केले व २०१९ सालीं ते नव्यानें लिहिले. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत घराला तीन किलोवॅटसाठीं ७८,००० रुपयांचें अनुदान ठेवण्यांत आलें. बंगलेवाल्यांचें काम यामुळें सोपें झालें.

परंतु मुंबई-पुण्यांतील पुष्कळ कुटुंबें सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात आणि तेथें गच्ची सर्वांची, म्हणजे कोणाचीच नसते. वार्षिक सभेंत हा विषय निघाला कीं काय होतें, हें आपणांपैकीं अनेकांनीं अनुभविलें असेल. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू म्हणतात, “खिळे ठोकाल आणि आमच्या डोक्यावर गळेल.” पंचाहत्तरीचे आजोबा विचारतात, “पैसे फिटावयास पांच वर्षें लागणार. तोंवर मी असेन का?” ज्यांनीं घर भाड्यानें दिलें आहे ते गृहस्थ परगांवीं असतात, आणि जो भाडेकरू रोज जिना चढतो त्याला मत नसतें. यांपैकीं कोणीही मूर्ख नाहीं. प्रत्येकाचें म्हणणें त्याच्या जागेवरून बरोबरच आहे.

म्हणून माझ्या मतें संस्थेनें आरंभ सामाईक बिलापासून करावा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यांतले दिवे यांचें बिल सर्वजण भरीत असतात. तेथें खर्च आणि फायदा एकाच वहींत पडतो. अशा सामाईक उपयोगासाठीं वरील योजनेंत किलोवॅटमागें १८,००० रुपये ठेवले होते. शिवाय लिफ्ट आणि पंप दिवसांही चालतात, त्यामुळें जमा-खर्चाची उसनवारी थोडी राहते. गळतीचें भय दूर करण्यासाठीं गच्चीला भोक न पाडतां कॉंक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर सांगाडा उभा करतां येतो. मात्र वाऱ्याचा जोर व छताची ताकद अभियंत्याकडून तपासून घ्यावी. पाण्याच्या टाकीची सावली सकाळीं नऊपासून दुपारीं तीनपर्यंत कोठें कोठें फिरते, हें खडूनें आंखून पाहावें. एकापुढें एक जोडलेल्या तक्त्यांपैकीं एकावर सावली पडली तरी साऱ्या माळेची वीज घटते.

जर्मनीनें याहून वेगळी वाट काढली. तेथें भाड्यानें राहणारीं कुटुंबें पुष्कळ. त्यांनीं गॅलरीच्या कठड्याला दोन तक्ते टांगावे आणि साध्या प्लगनें घरांतल्या तारेला जोडावे, अशी ८०० वॅटपर्यंत मुभा मिळाली. आणि ऑक्टोबर २०२४ पासून घरमालकाला किंवा इमारतींतील सहमालकांना सबळ कारणावांचून त्याला नकार देतां येत नाहीं. वीज थोडी, पण कपाट दूर सरलें.

शेवटचें कपाट सर्वांत अवजड आहे. आपण जितकी अधिक युनिटें वापरतों तितका युनिटाचा दर चढत जातो, आणि त्या चढ्या दराच्या उत्पन्नांतून शेतीपंपांना व थोडी वीज वापरणाऱ्यांना स्वस्त वीज मिळते. मोठें बिल भरणारा ग्राहक गच्चीवर वीज करूं लागला कीं, वीजकंपनीचें नेमकें तेंच उत्पन्न आटतें. खांब, तारा आणि नोकरवर्ग यांचा खर्च मात्र तसाच राहतो. अशा कंपनीनें अर्जावर तत्परतेनें सही करावी ही अपेक्षा थोडी भाबडीच आहे. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें नियम बदलून दहा किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीवांचून मान्य समजावे असें ठरविलें, त्यामुळें विलंबाची एक सबब गेली. हितसंबंधांचा विरोध गेला नाहीं.

त्यावर कॅलिफोर्नियानें १९८२ सालीं एक व्यवस्था केली. मध्यंतरीं ती कांहीं वर्षें बंद पडून पुन्हां सुरू झाली. कंपनीला वर्षाचें उत्पन्न किती मिळावें हें आयोग आधींच ठरवितो. विक्री अंदाजापेक्षां कमी झाली तर पुढच्या दरांत तूट भरून देतात. जास्त झाली तर वाढावा ग्राहकांना परत करतात. अधिक वीज खपविण्यांत कंपनीचा स्वार्थच उरत नाहीं. पण ही तूट भरावयाची कोणी? ती सर्व ग्राहकांवर सरसकट बसविली, तर जिच्याजवळ गच्चीही नाहीं आणि स्वतःचें घरही नाहीं, त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडावर श्रीमंतांच्या सौरतक्त्यांचा भार पडतो.

अशा बिऱ्हाडांचा विचार दिल्लीच्या वीज नियामक आयोगानें २०१९ सालीं केला. एकाच कंपनीच्या क्षेत्रांतील अनेक कुटुंबांनीं मिळून दुसऱ्या कोठल्या तरी छतावर सामाईक सौरवीजघर उभारावें आणि त्यांतील युनिटें ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणें ज्याच्या त्याच्या बिलांत जमा व्हावीं, असा तो नियम आहे. त्यांत गच्ची शाळेची असूं शकते, गोदामाची असूं शकते. भाडेकरूच्या हातीं असतो तो फक्त एक हिस्सा आणि दरमहाच्या बिलावरील एक वजाबाकी.