खानेसुमारीत जन्मलेला चित्रकार आणि भोपाळची आणखी काही नवलं

सोमवारी जन्मला तो सोम्या, बुधवारी जन्मला तो बुध्या, हे आपल्याला ठाऊक आहे. मध्य प्रदेशातल्या पाटनगढ गावात मात्र एक पोरगा जन्मला तेव्हा म्हणे जनगणना चालू होती, म्हणून त्याचं नाव पडलं जनगढ! सरकारी खानेसुमारीने देशाला काय काय दिलं ते आकडेवाले सांगतील, पण एक अख्खी चित्रशैली तिच्या नावाने चालते हे फार जणांना माहीत नसतं. गोंड चित्रं म्हणून आपण ज्या ठिपक्या-रेघांच्या हरणांचे आणि झाडांचे कप विकत घेतो, त्या शैलीला जाणकार 'जनगढ कलम' म्हणतात. 'हजारो वर्षांची परंपरा' असं दुकानदार सांगत असला, तरी कागदावरची ही कला जेमतेम ४५ वर्षांची आहे.

घडलं ते असं. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी, श्यामला हिल्सवर भारत भवन उभं राहत होतं. चार्ल्स कोरिया यांनी इमारत अशी रचली की वरच्या गच्चीतून आत शिरायचं आणि टेकडीच्या उताराने एकेक अंगण उतरत तलावाकडे जायचं. बाहेरून बघाल तर इमारत आहे कुठे, असाच प्रश्न पडतो. तिथल्या 'रूपंकर' संग्रहालयाचे प्रमुख होते चित्रकार जगदीश स्वामीनाथन. त्यांनी १९८१ मध्ये कलाशाळांतली पोरं खेडोपाडी पिटाळली, जे दिसेल ते घेऊन या म्हणून. पाटनगढमध्ये एका घराच्या भिंतीवर त्यांना हनुमान दिसला. काढणारा विशीतला जनगढ सिंह श्याम. त्यांना भोपाळला आणलं, हातात कागद आणि शाई दिली. १३ फेब्रुवारी १९८२ ला भारत भवनाचं उद्घाटन झालं.

स्वामीनाथन यांची खरी करामत पुढे आहे. त्यांनी शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार एकाच छताखाली, बरोबरीने मांडले. आज जिवंत आहे आणि आज चित्र काढतो आहे तो आजचा चित्रकार, इतका सरळ हिशोब. हा हिशोब अजूनही पुष्कळ कलादालनांना जमलेला नाही.

जनगढ परधान गोंड. परधान हे मूळचे गाणारे. बाना नावाचं तंतुवाद्य वाजवत यजमानांच्या वंशावळी आणि बडादेवाच्या कथा गायच्या, हा पिढीजात धंदा. यजमानांचा हात आखडला तशी गाणी मागे पडली आणि पुढे तेच देव, तेच वाघ-साप जनगढच्या कागदावर उतरले. म्हणून ही चित्रं बघताना नाकापर्यंत जवळ जायचं. लांबून हरीण दिसतं, जवळून त्याच्या अंगात ठिपके, चंद्रकोरी, बारीक रेघांच्या ओळीच्या ओळी दिसतात. प्रत्येक कलावंताचं हे भरण वेगळं असतं. सही शोधायला कोपऱ्यात बघायची गरज नाही, ती हरणाच्या पोटातच असते.

१९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या गाजलेल्या 'मॅजिसियां द ला तेर' प्रदर्शनात जनगढ होते. आणि आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशेही होते! जनगढ यांची मुलगीही चित्रकार आहे. तिच्या जन्मावेळी वडील जपानच्या दौऱ्यावर, म्हणून तिचं नाव जपानी. बापाचं नाव जनगणनेवरून, लेकीचं देशावरून. त्याच जपानने पुढे घात केला. २००१ मध्ये तिथल्या मिथिला म्युझियममध्ये काम करत असताना जनगढ यांनी जीवन संपवलं. वय जेमतेम चाळीस. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचं कोळ्याचं एक चित्र ३१,२५० डॉलरला गेलं.

आता भूरीबाई. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भिल्ल. भारत भवन बांधलं जात होतं तेव्हा तिथेच मजुरीला होत्या, रोज सहा रुपये. स्वामीनाथन यांनी चित्र काढशील का म्हणून विचारलं. हिंदी धड येत नव्हती, आणि मनात मोठी शंका वेगळीच: बसून चित्रं काढली तर मजुरी कोण देणार? त्याचेही पैसे मिळतील म्हटल्यावर बाई बसल्या. गावाकडे त्यांचे रंग म्हणजे गेरू, खडी, तव्याची खरवडलेली काजळी आणि वालाच्या पानांचा हिरवा. इथे बाटलीतले तयार रंग मिळाले. रंग आपणहून कागदावर धावतो याचंच त्यांना कौतुक.

भिल्लांची पिठोरा देवाची घोड्यांची चित्रं पुरुषांनी काढायची असा रिवाज. भूरीबाईंनी बाकीचं जग काढलं: झाडं, मोर, आणि मधूनच विमान आणि बस. सगळं ठिपक्यांत. पुढे त्या भोपाळच्या आदिवासी लोककला अकादमीत चित्रकार म्हणून रुजू झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भोपाळच्या ट्रायबल म्युझियममध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्यच एका लांबलचक भिंतीवर काढून ठेवलंय. आत्मचरित्र वाचायचा कंटाळा असणाऱ्यांची उत्तम सोय.

भज्जू श्याम हे जनगढ यांचे पुतणे. सोळाव्या वर्षी भोपाळला आले आणि रात्रपाळीचे चौकीदार झाले, मग काकांच्या हाताखाली रंग भरू लागले. २००२ मध्ये लंडनच्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला दोन महिने गेले आणि परत येऊन त्यांनी गोऱ्यांचा सगळा हिशोब चुकता केला. किपलिंगने आपलं जंगल लिहिलं, यांनी लंडनचं जंगल काढलं. 'द लंडन जंगल बुक' या पुस्तकात बिग बेन झालंय कोंबडा, कारण वेळ सांगायचं काम दोघांचंच. भुयारी रेल्वे म्हणजे गांडूळ. ३० नंबरची बस हा इमानी कुत्रा, रोज न चुकता घरी सोडणारा. आणि संध्याकाळ झाली की पबकडे निघणारे इंग्रज? वटवाघळं. २०१८ मध्ये पद्मश्री. मला विचाराल तर प्रवासवर्णन लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी चाळावं, निम्मी प्रवासवर्णनं लिहायची वाचतील.

पण मराठी वाचकाने शोधून काढलंच पाहिजे असं पुस्तक आहे 'भीमायन', २०११ चं. बाबासाहेब आंबेडकरांचं चित्रमय चरित्र, चित्रं काढली भोपाळच्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या नवरा-बायकोने. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. साताऱ्याच्या शाळेत तहानलेला भिवा, वडोद्याला राहायला छप्पर न मिळालेला अधिकारी, हे प्रसंग आपण शाळेपासून वाचलेत. ते इथे जसे दिसतात तसे कुठेही दिसत नाहीत.

एक तर कॉमिक्समधल्या चौकटीच नाहीत. माणसांना डब्यात कोंबायचं नाही, आम्हाला खुल्यात काम करायचंय, हा व्याम जोडप्याचा हट्ट. मग पान विभागायचं कशाने? तर दिगना. आपल्या दारात रांगोळी तशी गोंडांच्या भिंतीवर आणि ओट्यावर दिगना. दुर्गाबाई सहा वर्षांच्या असल्यापासून ती काढत आल्यात. तोच नक्षीदार पट्टा पानभर नागमोडी फिरतो आणि एका प्रसंगातून दुसऱ्यात नेतो. आगगाडी येते ती सापासारखी. आणि संवादांचे फुगे बघा. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात. मनातला विचार असेल तर फुग्याला एक डोळा. आणि जात विचारणाऱ्याच्या, हिडीसफिडीस करणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! वाचता न येणाऱ्या पोरालाही कळतं की हा माणूस डसतोय. दुर्गाबाई स्वतः कधी शाळेत गेल्या नाहीत. पद्मश्री २०२२.

याच दुर्गाबाई, भज्जू आणि रामसिंग उर्वेती या तिघांचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक काळ्या कागदावर हाताने स्क्रीन प्रिंट करून छापतात. नव्या कोऱ्या पुस्तकाचा वास आवडणाऱ्यांनी हे उघडावं, याला शाईचा वास येतो.

मराठी माणसाचा इथे संबंध काय, असं विचारणारा कुणी ना कुणी असतोच. त्याच्यासाठी: भोपाळपासून ४५ किलोमीटरवर भीमबेटका. या गुहांमधली चित्रं १९५७ मध्ये जगापुढे आणली विष्णू श्रीधर वाकणकर यांनी. धावत्या गाडीतून खडक बघितले आणि काहीतरी आहे म्हणून चालत गेले. स्वतः चित्रकार होते, म्हणून बहुतेक नजर गेली. २००३ पासून भीमबेटका जागतिक वारसा यादीत आहे. तिथलाच एक ताजा गमतीचा किस्सा: २०२१ मध्ये शास्त्रज्ञांना छतावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म सापडला म्हणून गाजावाजा झाला. नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी जाऊन पाहिलं, तर ते मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष निघाले.

आणि चित्रकार रझा? त्यांचा जन्म जुन्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. जनगढ यांचं पाटनगढही त्या जुन्या मंडलातलंच, आता ते दिंडोरीत गेलंय. रझा चित्रकला शिकायला आधी आले ते आपल्या नागपूरला. लहानपणी वर्गात लक्ष नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं होतं. त्या शिक्षेचा 'बिंदू' पुढे कोटींत विकला गेला. एकाच मुलखातली दोन माणसं, दोघांचंही भांडवल ठिपका.

भोपाळला जाणार असाल तर दुपारी ट्रायबल म्युझियम, दुपार कलल्यावर भारत भवन. दोन्ही श्यामला हिल्सवरच आहेत. फक्त सोमवारी जाऊ नका, दोन्ही बंद असतात.