डिफॉल्टच्या भरवशावर

दहिसर पूर्वेला, स्टेशनजवळच्या एका खोलीतून मी सोसायट्यांची आणि लहान कार्यालयांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. गेल्या दहा वर्षांत माझ्या सर्वांत जास्त रात्री खाल्ल्या त्या डिफॉल्टवर सोडून दिलेल्या सेटिंगांनी.

सुरुवात झाली ऑक्टोबर 2015मध्ये आलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या 5.7 आवृत्तीपासून. तारीख माहीत नसली की आम्ही 0000-00-00 भरून मोकळे व्हायचो. 5.7मध्ये स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू आला आणि शून्य तारीख नाकारली जाऊ लागली. एका सोसायटीत मेंटेनन्सच्या पावत्यांची नोंदच पडेना; सेक्रेटरी काका पावतीपुस्तक उघडून समोर बसलेले. कोडची एक ओळही बदललेली नव्हती.

एप्रिल 2018मध्ये मायएसक्यूएल 8.0 आली. लॅटिन-1 जाऊन यूटीएफ-8 हे मूळ एन्कोडिंग झालं. नव्या टेबलांत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होण्याची भीती गेली. पण पासवर्ड पडताळण्याची पद्धतही बदलली होती, आणि जुन्या पीएचपीला डेटाबेसमध्ये शिरताच येईना. तेव्हापासून अपग्रेडच्या आधी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सर्व्हरांवरच्या सगळ्या सेटिंगांची यादी काढतो आणि ओळीला ओळ लावून ताडतो.

22 मार्च 2022ला जावा 18 आली; दहिसरची मेट्रो सुरू झाली त्याच्या अकरा दिवस आधी. फाइल वाचताना मशीनचं एन्कोडिंग धरणारी जावा आता सगळीकडे यूटीएफ-8 धरू लागली. युनिकोड मराठीचं भलं झालं. पण माझ्याकडे सोसायट्यांचे जुने ठराव श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेले होते, आणि ते यूटीएफ-8 म्हणून वाचले की अक्षरांचा चुराडा होतो. या वेळी मी आधीच जागा होतो. जावा 17वरच यूटीएफ-8 लावून सगळं चालवून पाहिलं आणि जिथे जिथे फाइल उघडते, तिथे एन्कोडिंगचं नाव लिहून टाकलं.

ऑगस्ट 2023मध्ये गो भाषेच्या 1.21 आवृत्तीने तर प्रकल्पात नोंदलेली आवृत्ती पाहून जुने डिफॉल्ट राखायची सोय केली. बदल करणाऱ्यानेच जुन्या प्रकल्पांची काळजी वाहावी, ही रीत मला मनापासून पटली.

काकांच्या त्या प्रकल्पात आज एसक्यूएल मोडची, म्हणजे स्ट्रिक्ट मोड ठरवणारी, ओळ स्पष्ट लिहिलेली आहे. शेजारी तारीख आणि कारण. माझ्यानंतर हे काम जो हाती घेईल, त्याला पावत्यांच्या दिवशी ते शोधत बसावं लागू नये.